आई-बाबांसाठी बिझनेस क्लास काढताय? आधी या चुका टाळा

मुलगा न्यू जर्सीत, मुलगी बे एरियात आणि आई-बाबा पुण्यात नाहीतर नाशकात. त्यांना बोलवायचं ठरलं की तिकिटावरून फोनवर हमखास वाद होतो. आई म्हणते, "एवढे पैसे कशाला घालवतोस, आम्ही बसू की साध्यात." मुलाला वाटतं, जन्मभर काटकसर केली, एकदा तरी आरामात येऊ देत. दोघांचंही खरं असतं. गडबड होते ती पुढे, प्रत्यक्ष तिकीट काढताना. लाख-दीड लाख जादा मोजले जातात आणि आई-बाबा उतरतात ते पाय सुजलेले, डोळे तारवटलेलेच.

माझं मत आधीच सांगून टाकते. विमानात जास्तीचे पैसे द्यावेत ते रात्री आडवं होऊन झोपता यावं म्हणून. लाउंज, काचेच्या ग्लासातला ज्यूस, चिनी मातीच्या ताटल्या हे सगळं छान असतं, पण त्याची किंमत वेगळी काढली तर कुणी एवढी देणार नाही. हे एकदा मनाशी पक्कं केलं की खालच्या बहुतेक चुका आपोआप टळतात.

नाव वाचून पैसे देणं

"फर्स्ट क्लास" किंवा "बिझनेस क्लास" लिहिलं म्हणजे पलंग मिळेलच असं नाही. अमेरिकेतल्या देशांतर्गत विमानांत ज्याला फर्स्ट म्हणतात ती बहुतेक ठिकाणी फक्त रुंद, थोडी मागे झुकणारी खुर्ची असते. युरोपातल्या छोट्या अंतरांवर तर बिझनेस म्हणजे इकॉनॉमीचीच खुर्ची, फक्त मधली रिकामी ठेवलेली. म्हणजे मुंबई-फ्रँकफर्ट झोपून आणि फ्रँकफर्ट-झुरिक पुन्हा गुडघे अडखळत. आपल्याकडे मुंबई-दिल्ली किंवा मुंबई-गोवा मार्गावरच्या बिझनेसमध्येही सहसा आरामखुर्चीच असते. गोव्याला तासाभरात विमान उतरतं. तेवढ्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे देण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

आणि खरा फर्स्ट क्लास? तो आता मोजक्याच कंपन्यांकडे उरला आहे. कारण सरळ आहे. ब्रिटिश एअरवेजने २००० साली बिझनेस क्लासमध्येच पूर्ण सपाट होणारी खुर्ची आणली, हळूहळू बाकीच्यांनीही आणली आणि फर्स्टचा सर्वांत मोठा फायदा बिझनेसमध्ये आला. एअर इंडियाच्या ए-३५० विमानात फर्स्ट नाहीच: २८ बिझनेस, २४ प्रीमियम इकॉनॉमी (इकॉनॉमीहून मोकळी, पण सपाट न होणारी खुर्ची) आणि २६४ इकॉनॉमी. एमिरेट्सच्या बहुतेक ए-३८० विमानांत फर्स्टचे १४ स्वतंत्र कक्ष आहेत, आंघोळीला शॉवरही आहे. हौस असेल, पैसा असेल तर जरूर करावी. पण बिझनेस आणि फर्स्ट यांतला फरक जागेचा, एकांताचा आणि खाण्यापिण्याचा आहे, झोपेचा फारसा नाही. सत्तरीच्या आई-बाबांसाठी बिझनेसच्या वर चढायचं कारण मला सापडत नाही.

विमान कोणतं ते न बघणं

एकाच कंपनीच्या, एकाच मार्गावरच्या दोन विमानांतला बिझनेस क्लास अगदी वेगळा असू शकतो. बुकिंग करताना विमानाचं मॉडेल लिहिलेलं असतं आणि सीट मॅप उघडता येतो. तो उघडून आडव्या रांगेत खुर्च्या कशा मांडल्या आहेत ते मोजा. १-२-१, म्हणजे एक खुर्ची, वाट, दोन खुर्च्या, वाट, एक खुर्ची, असं असेल तर प्रत्येकाला थेट वाटेवर उतरता येतं. २-२-२ असेल तर खिडकीजवळच्याला शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागतात, आणि तो शेजारी अंथरूण पसरून झोपलेला असतो. एमिरेट्सच्या बऱ्याच ७७७ विमानांत बिझनेसची मांडणी २-३-२ आहे, म्हणजे मधली खुर्चीसुद्धा आली. रात्रीतून दोन-तीनदा उठावं लागणाऱ्या माणसाला हा फरक फार जाणवतो.

आता १-२-१ मध्येही एक गोष्ट सांभाळा. हौसेने दोघांना खिडक्या दिल्या तर आई पुढच्या कप्प्यात आणि बाबा मागच्या. एकमेकांचं तोंड दिसत नाही. त्यांना मधल्या दोन खुर्च्या द्या, शक्यतो एकमेकींना चिकटलेल्या. तिकीट काढल्यावर कंपनी विमान बदलू शकते, तसं झालं की सीटही बदलतात. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी सीट मॅप पुन्हा उघडून खात्री करा.

तासांचा हिशेब न करणं

कागदावर मांडून बघा. समजा इकॉनॉमीचं तिकीट ८० हजार आणि बिझनेसचं अडीच लाख. फरक १ लाख ७० हजार. सोळा तासांच्या थेट विमानात चढणं-उतरणं आणि दोन जेवणं वगळून नऊ तास आडवं पडता आलं, तर तासाला साधारण १९ हजार रुपये पडले. हा आकडा तुम्हाला परवडतो का, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण निदान काय विकत घेतोय ते तरी कळतं. हाच हिशेब मुंबई-दुबईला लावा. तीन तासांचा प्रवास, त्यात उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी खुर्ची सरळ, मध्ये ट्रे येणार. झोपायला तास-दीड तास मिळाला तर खूप.

म्हणून आखातातून जाणार असाल तर आखाती टप्पा इकॉनॉमीने आणि पुढचा तेरा-चौदा तासांचा टप्पा बिझनेसने, असा शोध घेऊन बघा. मल्टी-सिटीच्या पर्यायात टप्पे वेगवेगळे टाकता येतात. दर वेळी पैसे वाचतातच असं नाही, कारण भाडं टप्प्यांची बेरीज करून ठरत नाही. पण बघायला काही लागत नाही. याच्या उलटही होतं, ते सावधपणे बघा: यादीत "बिझनेस" दिसतं, किंमत मोहात पाडते, आणि आत उघडलं की लांबचाच टप्पा इकॉनॉमीचा निघतो. मग स्वस्त का होतं ते समजतं.

दिवसाचं विमान असेल तर हिशेब अजून बदलतो. मुंबईहून सकाळी-दुपारी निघून संध्याकाळी लंडनला पोचणाऱ्या विमानात मुळात फार कुणी झोपत नाही. तिथे प्रीमियम इकॉनॉमी पुरते. इकॉनॉमीत पुढच्या खुर्चीपर्यंतचं अंतर साधारण ३०-३२ इंच असतं, प्रीमियममध्ये ३८ इंचांच्या आसपास. खुर्ची सपाट होत नाही, पण गुडघे मोकळे राहतात. एवढं मात्र ध्यानात ठेवा, ब्रिटनमधून निघणाऱ्या लांबच्या प्रवासावर तिथलं सरकार जो हवाई प्रवास कर घेतं, तो प्रीमियम इकॉनॉमीपासूनच इकॉनॉमीच्या दुपटीहून जास्त आहे. लंडनहून परतीचं भाडं अचानक फुगलेलं दिसतं त्यात याचाही वाटा असतो. आपल्याकडेही २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीवर ५ टक्के आणि वरच्या सगळ्या वर्गांवर १८ टक्के जीएसटी आहे, आधी तो १२ टक्के होता. तुलना करताना कर धरून शेवटची रक्कम घ्या.

बिझनेसच्या मोहात थेट विमान सोडणं

ही मला सगळ्यांत महागात पडणारी चूक वाटते. एका थांब्याचा बिझनेस बऱ्याचदा थेट विमानाच्या बिझनेसपेक्षा बराच स्वस्त असतो, आणि मुलं तो घेतात. पण थांबा म्हणजे पहाटे तीनला परक्या विमानतळावर उतरणं, पुन्हा सुरक्षा तपासणी, पुन्हा गेट शोधणं, आगगाडीने दुसऱ्या टर्मिनलला जाणं. इंग्रजी बोलायला बिचकणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाचा जीव या चार तासांत जेवढा थकतो तेवढा खुर्चीत थकत नाही. माझा क्रम असा: आधी थेट विमान, मग चांगला वैद्यकीय विमा, आणि त्यातून पैसे उरले तर वरचा वर्ग. थेट विमानातली प्रीमियम इकॉनॉमी आणि थांब्याचा बिझनेस एकाच किमतीला मिळत असतील, तर आई-बाबांसाठी मी डोळे झाकून पहिली घेईन.

व्हीलचेअर मिळावी म्हणून बिझनेस घेणारेही असतात. व्हीलचेअरची मदत कुठल्याही वर्गात मिळते, त्यासाठी वरचं तिकीट लागत नाही. किमान ४८ तास आधी तिकिटात नोंद करून घ्यायची. मदतनीस चेक-इनपासून गेटपर्यंत नेतो, आणि उतरल्यावर इमिग्रेशनच्या रांगेतही सोबत असतो.

रक्ताच्या गुठळीच्या भीतीने

"इकॉनॉमीत बसलं की पायात गुठळी होते" हे ऐकून घाबरून तिकीट बदलणारे पाहिलेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये याचा अभ्यास जाहीर केला. चार तासांहून लांबच्या प्रवासात गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, तरीही तो सहा हजारांत एक इतका असतो. मुख्य कारण म्हणजे एका जागी न हलता बसणं. विमानच असं नाही, बस, रेल्वे, मोटार, सगळीकडे तेच. बिझनेसमध्ये मांडी घालून दहा तास सिनेमे बघत बसलेल्या माणसालाही धोका आहे. वाटेलगतची सीट, दर तास-दोन तासांनी फेरी, भरपूर पाणी. आधी कधी गुठळी झाली असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारूनच निघावं.

सामानासाठी वर्ग बदलणं

अमेरिकेला इकॉनॉमीत बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा चालतात, बिझनेसमध्ये ३२ किलोच्या दोन. भाजणी, गोडा मसाला, लोणच्याच्या बरण्या यांना जागा हवी असेल तर एक जादा बॅग विकत घ्या. फरकाच्या रकमेपुढे ते पैसे काहीच नाहीत. शिवाय ३२ किलोची बॅग पट्ट्यावरून उचलणार कोण?

स्वस्त बिझनेसच्या अटी न वाचणं

बिझनेस म्हणजे रद्द केलं की पैसे परत, असा समज आहे. तो चुकीचा आहे. एमिरेट्स, कतार अशा कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त बिझनेस भाड्यात लाउंज येत नाही, काहींत आधी सीट निवडणंही मिळत नाही, आणि तारीख बदलायला पैसे पडतात. वृद्ध माणसांच्या बाबतीत तारीख बदलण्याची वेळ खरंच येते. तेव्हा "रद्द केल्यास किती कापणार" आणि "तारीख बदलल्यास किती" या दोन ओळी वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

बोली लावून वरचा वर्ग मिळवण्याची सोय आता बऱ्याच कंपन्यांत आहे. ती वाईट नाही, पण बोली सहसा प्रत्येक माणसामागे आणि प्रत्येक टप्प्यामागे असते. एकदा मंजूर झाली की पैसे परत मिळत नाहीत, आणि सामानाची मर्यादा अनेकदा मूळ तिकिटाचीच राहते. लांबच्या टप्प्यावरच बोली लावा.

तिकीट काढून दिलं की काम झालं असं समजणं

पैसे भरणारा मुलगा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये असतो आणि खुर्चीत बसणारी आई एकटी. हातापाशी बटणांची पाटी: खुर्चीची चित्रं, वर-खाली बाण, दिवे, एक कप्पा उघडणारं, एक टेबल सोडणारं. आईला भीती वाटते, काही भलतंच दाबलं जाईल. हवाईसुंदरीला हाक मारायचा संकोच. शेजारचे सगळे पांघरूण घेऊन आडवे झालेले, आणि ती मात्र पर्स मांडीवर धरून ताठ बसलेली, पहाटेपर्यंत. दीड लाखाची झोप अशी वाया जाते. फोनवर विचारलं की "छान झाला प्रवास" म्हणते, कारण तुमचे पैसे वाया गेल्याचं तिला सांगवत नाही.

म्हणून निघण्याआधी त्या विमानातल्या खुर्चीचा व्हिडिओ दोघांना शांतपणे दाखवा. तीनच बटणं शिकवा: सपाट करणारं, सरळ करणारं आणि माणूस बोलावणारं. सिंगापूर एअरलाइन्सच्या काही विमानांत खुर्ची बटणाने झोपत नाही, पाठ पुढे उलटवावी लागते. ते काम कर्मचारी करतात, फक्त सांगायचं असतं. "बेड प्लीज" एवढं म्हटलं तरी काम होतं, हेही सांगून ठेवा. पाय ठेवायचा खळगा अरुंद असतो, उंच माणसाचे पाय त्यात अडकतात. कुशीवर झोपलं की बरं पडतं.

जेवणाचंही असंच. बिझनेसमध्ये शाकाहारी मिळणारच हे गृहीत धरू नका. हिंदू शाकाहारी, जैन किंवा फक्त फळांचं जेवण आधी नोंदवावं लागतं, कमीत कमी २४ तास, काही कंपन्यांत त्याहून आधी. एकादशी असेल तर फळांचंच नोंदवा. आणि मध्यरात्रीच्या विमानात उड्डाणानंतर जेवण येतं, त्यात दोन तास जातात. घरून जेवून निघालेल्यांनी "नको, मी झोपते" म्हणून सांगावं. नंतर मागितलं तर बहुतेक वेळा देतात.

खालच्या वर्गात बसवलं तर गप्प राहणं

बिझनेसचं तिकीट असून ऐन वेळी इकॉनॉमीत बसवलं, तर भारतातल्या विमान नियामकाचा, डीजीसीएचा, १५ फेब्रुवारी २०२३ पासून नियम आहे. देशांतर्गत प्रवासात तिकिटाच्या किमतीच्या ७५ टक्के परत मिळतात, करांसह. आंतरराष्ट्रीय प्रवासात १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, १५०० ते ३५०० पर्यंत ५० टक्के, त्यापुढे ७५ टक्के. काउंटरवर व्हाउचर पुढे केलं जातं, ते लगेच घेऊन टाकू नका. मूळ तिकीट, दोन्ही बोर्डिंग पास आणि काउंटरवरून लेखी कारण, एवढं आई-बाबांनी मागून घ्यावं. फोटो काढून तुम्हाला पाठवावा. बाकीचा पत्रव्यवहार तुम्ही घरून करा.