एडिटिंग, रेकॉर्डिंग आणि डिझाइनसाठी लॅपटॉप घेताय? या चुका टाळा

‘आय-सेव्हन आहे, १६ जीबी रॅम आहे, ग्राफिक कार्डसुद्धा आहे, तरी टाइमलाइन अडकते.’ लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांकडून ही तक्रार सतत ऐकू येते (टाइमलाइन म्हणजे सॉफ्टवेअरमधली क्लिप लावून कापायची पट्टी). घरी अभिवाचन रेकॉर्ड करणारे आणि पत्रिका-फ्लेक्स डिझाइन करणारेही थोड्याफार फरकाने हेच सांगतात. अशा वेळी लॅपटॉप बहुधा बिघडलेला नसतो, तो त्या कामाचा नसतो. आवाज, व्हिडिओ आणि डिझाइन यांचा ताण यंत्राच्या वेगवेगळ्या भागांवर पडतो. दुकानात मात्र तिघांनाही एकच उत्तर मिळतं: ‘गेमिंगचा घ्या, सगळं चालेल.’

स्टिकरवरचं नाव पाहून निर्णय घेणं

प्रोसेसरची खरी ओळख त्याच्या नावाच्या शेवटच्या अक्षरात असते. कोअर आय-सेव्हन १२५५यू आणि कोअर आय-फाइव्ह १२५००एच या दोन्ही एकाच पिढीच्या चिप. पहिलीत ताकदीचे कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) फक्त २, दुसरीत ४. पहिलीची विजेची मूळ मर्यादा १५ वॅट, दुसरीची ४५ वॅट. तासाभराचा एक्सपोर्ट (तयार व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावला की आय-फाइव्ह पुढे जातो. ‘यू’ असलेली चिप हलक्या, जास्त वेळ बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपसाठी असते. सलग ताणाच्या कामाला ‘एच’ किंवा ‘एचएक्स’ हवी.

ग्राफिक कार्डात तर फसगत जास्त होते. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कोणत्याही मर्यादेत बसवलेलं असू शकतं, आणि नाव सगळीकडे तेच राहतं. हा आकडा टीजीपी (ग्राफिक कार्डाची वीज-मर्यादा) म्हणून दिलेला असतो. दुकानदाराला तो माहीत नसेल तर नेमक्या मॉडेलच्या तपशिलात शोधा. तिथेही तो लपवलेला असेल, तर मी तो लॅपटॉप कुणाला सुचवत नाही.

कॅमेऱ्याचा विचार न करता लॅपटॉप घेणं

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच आहे, कारण इथे जास्त पैसे खर्च करूनही त्रास तसाच राहू शकतो.

आजचे बरेच मिररलेस कॅमेरे एच.२६५ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) ४:२:२ १०-बिट, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवणारं रेकॉर्डिंग करतात. रंगांसाठी ते उत्तम असतं, पण ही फाइल उलगडायला चिपमध्ये वेगळी सोय लागते. ती नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि साधा कटसुद्धा अडखळत चालतो. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या चिपमधल्या अंगभूत ग्राफिक्समध्ये ती सोय आहे, ॲपलच्या एम-१ पासूनच्या चिपमध्येही आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेत ती नव्हती, ५० मालिकेत आली. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेच्या चिपमध्ये नाही. म्हणजे रायझन ७००० आणि आरटीएक्स ४०७० असलेला महागडा गेमिंग लॅपटॉप या फुटेजवर अडेल आणि त्याच्यापेक्षा स्वस्त इंटेलवाला सहज चालेल. एका कॅमेऱ्यावर शूट करून वर्षभर त्याच फाइल हाताळणाऱ्या माणसाला ही गोष्ट खरेदीआधी कुणीतरी सांगायलाच हवी.

लॅपटॉप आधीच घेऊन झाला असेल तर टाइमलाइन चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा. ग्राफिक्सच्या आलेखात ‘व्हिडिओ डीकोड’ शून्याजवळ आणि प्रोसेसर १०० टक्क्यांवर दिसला, तर दुखणं हेच. उपाय प्रॉक्सीचा. प्रीमिअर आणि दाविंची रिझॉल्व्ह या दोन्ही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मूळ फुटेजच्या हलक्या प्रती बनवून त्यांवर एडिट करता येतं. एक्सपोर्ट मूळ फाइलींवरूनच होतो. रात्री प्रॉक्सी लावून झोपलं की सकाळी काम सुरळीत चालतं, नवा लॅपटॉप लागत नाही.

मोबाइलच्या फुटेजचं दुखणं वेगळं. फोन बहुधा फ्रेमचा वेग कमी-जास्त करत रेकॉर्ड करतो, त्यामुळे लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज यांचा मेळ हळूहळू सुटतो. इथे लॅपटॉपचा काही दोष नाही. हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून फाइल बदलून घ्या, मग टाइमलाइनवर टाका.

रॅमचा फक्त आकडा मोजणं

१६ जीबीची एकच पट्टी आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्या यांत फरक आहे. इंटेलच्या अनेक चिपमधलं आयरिस एक्सई ग्राफिक्स दोन पट्ट्या नसतील तर पूर्ण ताकदीने चालत नाही. विंडोज ते नुसतं ‘यूएचडी ग्राफिक्स’ म्हणून दाखवतं. रिकामा स्लॉट आहे की रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली आहे, हे पैसे देण्याआधी विचारा. फोटोशॉप आणि साध्या व्हिडिओला १६ जीबी पुरते, आफ्टर इफेक्ट्स (ॲनिमेशन आणि इफेक्ट्सचं सॉफ्टवेअर) रोजचं असेल तर ३२ घ्या. मॅकमध्ये रॅम नंतर वाढवताच येत नाही. मॅकबुक एअर आणि प्रोची सुरुवात १६ जीबीपासून झाली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणून सेकंडहँड घेताना ८ जीबीचं मॉडेल पदरात पडत नाहीये ना, ते तपासा.

डिझाइनवाल्यांनी स्क्रीनकडे दुर्लक्ष करणं

तपशिलात ‘४५ टक्के एनटीएससी’ (स्क्रीन किती रंग दाखवते याचं माप) लिहिलेलं दिसलं तर तो लॅपटॉप डिझाइनसाठी घेऊ नका. अशी स्क्रीन एसआरजीबीचे (संगणकावरच्या रंगांचा प्रमाणित संच) जेमतेम ६०-६५ टक्के रंग दाखवते. पत्रिकेतला कुंकवाचा लाल तिच्यावर फिका दिसतो, म्हणून तुम्ही तो गडद करता, आणि छापून आल्यावर ग्राहक नाराज होतो. १०० टक्के एसआरजीबी ही किमान अट ठेवा. आवडलेल्या लॅपटॉपची स्क्रीन फिकी असेल तर चांगल्या मॉनिटरसाठी पैसे बाजूला काढा.

‘नव्या लॅपटॉपवर मराठी तुटते’ ही तक्रारही लॅपटॉपच्या माथी मारली जाते. जोडाक्षरं सुटणं, वेलांटी भलत्या जागी जाणं हे बहुधा सेटिंगमुळे होतं. फोटोशॉपमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा. प्रीमिअरमध्ये सेटिंगमधल्या ग्राफिक्स विभागात ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ टेक्स्ट इंजिन लावा आणि नवी टेक्स्ट लेयर घेऊन तपासा. जुनं काम श्रीलिपीत (जुनं मराठी फॉन्ट-सॉफ्टवेअर) असेल तर मात्र मॅककडे वळण्याआधी थांबा. तुमच्याकडची आवृत्ती, तिचं डाँगल (परवान्यासाठी लावायचं छोटं उपकरण) आणि जुन्या कोरलड्रॉच्या फाइली तिथे चालतील याची खात्री आधी, खरेदी मग.

रेकॉर्डिंगसाठी ग्राफिक कार्डावर पैसे घालणं

आवाजाच्या कामाला ग्राफिक कार्डाचा जवळपास उपयोग नाही. इथे लागतो एकेका कोरचा वेग, व्हर्च्युअल वाद्यांच्या लायब्ररीसाठी रॅम आणि शांत पंखा. खोलीतच माइक असेल तर गेमिंग लॅपटॉपचा पंखा प्रत्येक टेकमध्ये उतरतो.

रेकॉर्डिंगमध्ये टक-टक, चटचट आवाज येत असतील तर प्रोसेसरला दोष देण्याआधी लेटन्सीमॉन हे मोफत साधन दहा मिनिटं चालवून पाहा. एखादा ड्रायव्हर, पुष्कळदा वाय-फायचा, प्रोसेसरला मध्येच अडवून ठेवत असतो. वाय-फाय बंद करा, चार्जर लावा, पॉवर मोड सर्वोच्च ठेवा आणि ऑडिओ इंटरफेसच्या (माइक लॅपटॉपला जोडणारं उपकरण) कंपनीचाच एएसआयओ, म्हणजे आवाजाचा उशीर कमी ठेवणारा ड्रायव्हर घाला. मग बफर, म्हणजे एका वेळी हाताळला जाणारा आवाजाचा तुकडा. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पल म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंदांचा उशीर, ५१२ म्हणजे १०.७. गाताना कमी ठेवा, मिक्स करताना वाढवा. ब्लूटूथ हेडफोन लावून गाऊ नका. त्यांत आवाज उशिरा पोचतो आणि तो उशीर कोणताही लॅपटॉप भरून काढू शकत नाही.

घेतल्यानंतरचे पहिले काही दिवस

साठवणुकीचा हिशोब सोपा आहे. १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट) फुटेज तासाला ४५ जीबी जागा खातं. दोन कॅमेऱ्यांचं चार तासांचं लग्न म्हणजे ३६० जीबी, त्यामुळे ५१२ जीबीची एसएसडी पहिल्याच लग्नात भरते. बाहेरची एसएसडी घेतलीत तर लॅपटॉपचं टाइप-सी पोर्ट किती वेगाचं आहे ते बघा. दिसायला सारखीच असलेली पोर्ट ४८० एमबीपीएसचीही असतात आणि ४० जीबीपीएसचीही.

परत करायची मुदत संपायच्या आत स्वतःचं फुटेज टाकून अर्ध्या तासाचा एक्सपोर्ट लावा आणि शेवटच्या दहा मिनिटांत वेग किती घसरतो ते पाहा. पंखा नसलेल्या मॅकबुक एअरसारख्या लॅपटॉपमध्ये ही घसरण होतेच. विदर्भात असाल तर दुपारी तपासा. मे महिन्यात अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या खोलीत तोच लॅपटॉप वेगळा वागेल. एडिटिंगचं सॉफ्टवेअर अंगभूत ग्राफिक्सवरच चालत असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या ‘ग्राफिक्स’मध्ये जाऊन त्याला ‘हाय परफॉर्मन्स’ द्या. मग चार्जर काढून पुन्हा एक्सपोर्ट लावा. ग्राफिक कार्डवाल्या लॅपटॉपचा वेग बॅटरीवर बराच खाली येतो, त्यामुळे वीज जाणाऱ्या गावात काम असेल तर चार्जरचे वॅट तुमच्या इन्व्हर्टरला झेपतात का, तेही त्याच आठवड्यात बघून घ्या.