जुन्या मॅन्युअल लेन्सने छायाचित्रे घेताना

कोल्हापुरातील कितीतरी घरांच्या कपाटांत आजही एखादा रोलचा कॅमेरा कापडात गुंडाळून ठेवलेला असतो. रोल मिळणे आणि तो धुऊन घेणे अवघड झाल्यामुळे कॅमेरा बाजूला पडला असला, तरी त्याच्या पुढची ५० किंवा ५८ मिलिमीटरची लेन्स बहुधा अजून चांगल्या कामाची असते. काचा, धातूचे आटे आणि ॲपर्चरची, म्हणजे उजेड आत येण्याचे छिद्र लहान-मोठे करणारी, पाती यांखेरीज तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. अशी लेन्स आजच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावून छायाचित्रे कशी घ्यावीत, हे येथे सांगायचे आहे. मी गेली काही वर्षे हेच करत आलो आहे आणि माझे मत असे झाले आहे की, जुन्या लेन्सच्या माथी मारली जाणारी बहुतेक धूसर छायाचित्रे हाताला फोकसची सवय नसल्यामुळे धूसर आलेली असतात. म्हणून लेन्स निवडण्यापेक्षा फोकस साधण्याबद्दल मी अधिक लिहिणार आहे.

लेन्स घरची असो वा विकत घेतलेली, आधी ती तपासावी. ॲपर्चर पूर्ण उघडून मागच्या बाजूने मोबाइलची बॅटरी तिरपी मारावी आणि समोरून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी असते, आणि ती फार दिवस राहिली असेल तर काचेवरचा लेप खाऊन तिने कायमच्या खुणा केलेल्या असतात. काचेच्या कडेला इंद्रधनुष्यासारखी झाक दिसली, तर दोन भिंगांना जोडणारा चिकट थर सुटू लागला आहे असे समजावे. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल पसरले असेल, तर ज्या लेन्समध्ये पाती स्प्रिंगने मिटतात तेथे ती अडखळू लागतात. आतले दोन-चार धुळीचे कण किंवा पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा यांची चिंता करू नये. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र छायाचित्रात अधिक लवकर जाणवतो. फोकसची रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवून पाहावी, आणि ती मध्येच जड किंवा मध्येच सैल लागत असेल तर आतले ग्रीस वाळले आहे, हे ओळखावे.

आपल्याकडे सहज हाती लागणाऱ्या लेन्सपैकी दोघींविषयी थोडे सांगणे आवश्यक वाटते. सोव्हिएत बनावटीची हेलिओस ४४-२ ही ५८ मिलिमीटर, एफ/२ ची (एफचा आकडा जितका लहान, तितके ॲपर्चर अधिक उघडे) लेन्स कार्ल झाइसच्या बायोटार या रचनेवर बेतलेली आहे. तिच्यावर ॲपर्चरच्या दोन रिंगा असतात. एकीवर हवा तो आकडा ठरवून ठेवायचा आणि दुसरी, जिला खटके नसतात, ती फिरवून त्या आकड्यापर्यंत पाती मिटवायची. पूर्ण उघड्या ॲपर्चरवर फोकस करून मग न पाहता बोटानेच पाती मिटवण्याची सोय त्यामुळे होते. पेंटॅक्सच्या टाकुमार ५० मिलिमीटर, एफ/१.४ या लेन्सच्या काही आवृत्त्यांत थोरियमयुक्त काच वापरलेली आहे आणि ती काळाने पिवळसर तपकिरी पडते. अशी लेन्स अतिनील दिव्याखाली किंवा खिडकीतल्या उन्हात काही दिवस ठेवल्यास पिवळेपणा बराच उतरतो. उन्हात ठेवताना मागच्या तोंडाला ॲल्युमिनियमची फॉइल लावावी, कारण उघडी लेन्स सूर्याची किरणे एका बिंदूवर गोळा करून खालचे कापड किंवा लाकूड पेटवू शकते. आणि लेन्स फार तापू देऊ नये, नाहीतर आतले ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरते.

आता अडॅप्टर, म्हणजे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवणारी मधली कडी. प्रत्येक माउंटसाठी, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडण्याच्या पद्धतीसाठी, लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ठरलेले असते. एम ४२ या ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्याच्या माउंटसाठी ते ४५.४६ मिलिमीटर आहे, तर सोनीच्या ई माउंटसाठी १८ आणि निकॉनच्या झेड माउंटसाठी १६ मिलिमीटर आहे. म्हणजे एम ४२ ची लेन्स सोनीवर लावायची असेल, तर अडॅप्टरची जाडी २७.४६ मिलिमीटर असली पाहिजे. निकॉनच्या जुन्या डीएसएलआर (आत आरसा असलेल्या) कॅमेऱ्यांच्या माउंटचे अंतर ४६.५ मिलिमीटर, म्हणजे एम ४२ पेक्षाही जास्त असल्यामुळे त्यावर काचेविना असलेल्या अडॅप्टरने दूरचा फोकस मिळतच नाही. जुन्या लेन्ससाठी मिररलेस कॅमेरा सोयीचा ठरतो तो यामुळे. स्वस्त अडॅप्टर बऱ्याचदा मुद्दाम किंचित पातळ केलेले असतात. त्यामुळे दूरचा फोकस मिळतो खरा, पण तो लेन्सवरच्या अनंताच्या खुणेच्या अलीकडेच मिळतो आणि लेन्सवर कोरलेले अंतराचे आकडे खोटे पडतात. याची परीक्षा सोपी आहे. स्वच्छ हवेच्या सकाळी गच्चीवरून जोतिबाच्या डोंगरावर फोकस करावा, चित्र मोठे करून पाहावे आणि रिंग कोठे थांबली ते बघावे. खुणेपर्यंत जाऊनही डोंगर धूसरच राहत असेल, तर अडॅप्टर जाड आहे. असा अडॅप्टर टाकून देण्याची गरज नाही. शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या कारागिराला व्हर्नियरने मोजून दाखवले, तर दशांश मिलिमीटरभर घासून देणे त्याला अवघड नसते. बाबूराव पेंटरांनी शतकापूर्वी ज्या गावात स्वतः चलचित्रांचा कॅमेरा घडवला, त्या गावात हे हस्तकौशल्य अजून टिकून आहे, याचे मला अप्रूप वाटते.

एम ४२ च्या अनेक लेन्सना मागे एक छोटी पिन असते. ती दाबली गेली तरच पाती मिटतात, म्हणून पिन दाबणारी कड असलेला अडॅप्टर घ्यावा, किंवा लेन्सवर ऑटो-मॅन्युअल असा खटका असेल तर तो मॅन्युअलवर ठेवावा. एवढे न पाहिल्यामुळे ॲपर्चरचा आकडा बदलूनही चित्र का बदलत नाही, या कोड्यात नवखा माणूस दिवस घालवतो.

कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन लेन्सविना शटर चालू देण्याची सोय सुरू करावी, कारण कॅमेऱ्याच्या लेखी पुढे लेन्सच नसते. सेन्सर हलवून चित्र स्थिर राखण्याची सोय असेल, तर फोकल लांबी (लेन्सचा मिलिमीटरचा आकडा) हाताने भरावी. मोड ॲपर्चर प्रायॉरिटी ठेवावा, म्हणजे आपण लेन्सवर ॲपर्चर फिरवले की शटर स्पीड कॅमेरा निवडतो.

फोकस करताना डावा तळवा लेन्सखाली आडवा ठेवावा आणि रिंग अंगठा व तर्जनी यांनी धरावी. वरून पकडल्यास कॅमेऱ्याचा भार सुटतो आणि हात हलतो. जुन्या लेन्सची रिंग बरीच लांब फिरते, काहींची अर्ध्या फेऱ्याहूनही अधिक, आणि अचूकता तिच्या या लांब फिरण्यातूनच येते. कोणत्या दिशेला फिरवले की जवळचे स्पष्ट होते, हे कंपनीगणिक बदलते, म्हणून सुरुवातीचा महिना दोन कंपन्यांच्या लेन्स आलटून पालटून वापरू नयेत. रिंग फिरवताना स्पष्टतेच्या बिंदूवर थेट थांबण्याचा प्रयत्न करू नये. तो बिंदू ओलांडून किंचित पुढे जावे आणि मग परत यावे, कारण दोन्हीकडचा धूसरपणा पाहिल्यावरच मधली जागा डोळ्याला नेमकी कळते. फोकस पीकिंगच्या, म्हणजे स्पष्ट भागाभोवती कॅमेरा पडद्यावर दाखवतो त्या, रंगीत कडा दिशा दाखवण्यापुरत्या उपयोगी आहेत. एफ/२ सारख्या उघड्या ॲपर्चरवर त्या नेमक्या जागेपेक्षा रुंद पट्टा रंगवतात, म्हणून निर्णय नेहमी चित्र मोठे करूनच घ्यावा आणि त्यासाठी एक बटण नेमून ठेवावे.

हे मी खऱ्या अर्थाने शिकलो ते एका चप्पल कारागिराच्या दुकानात. हेलिओस लावून मी साधारण साठ सेंटिमीटरवरून त्यांच्या हातांची छायाचित्रे घेत होतो. एवढ्या अंतरावर एफ/२ ला स्पष्ट येणारी खोली सुमारे बारा मिलिमीटर असते. चामड्याच्या वादीची वेणी स्पष्ट आली की आरी धरलेली बोटे धूसर येत होती, आणि बोटांवर फोकस न्यावा तोवर हात सरकलेला असे. "मामा, जरा हात थांबवता का?" असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "हात थांबला की वेणी सैल पडतीया." मग मी हातांमागे धावणे सोडले. आरी दर वेळी चामड्यात जेथे शिरत होती, त्या एका टाक्यावर फोकस बांधला, ॲपर्चर एफ/५.६ केले, ज्यामुळे स्पष्ट खोली तीन सेंटिमीटरांच्या आसपास गेली, आणि आरी पुन्हा त्या जागी येण्याची वाट पाहिली. इतक्या जवळून काम करताना रिंगला हातही लावू नये. कमरेतून शरीर किंचित पुढे-मागे झुकवून स्पष्टता साधावी आणि श्वास सोडताना बटण दाबावे.

तालमीत हीच युक्ती मोठ्या अंतरावर वापरायची असते. भल्या सकाळी वस्तादांची परवानगी घेऊन हौद्याच्या कडेला बसावे, तीन मीटरवर फोकस करून ठेवावा आणि ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/२.८ ठेवावे. अशा वेळी सुमारे साठ सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, आणि झुंजणारी जोडी त्या पट्ट्यात शिरली की बटण दाबायचे. शटर स्पीड १/२५० च्या खाली जाऊ देऊ नये, त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत वाढवावा लागला तरी चालेल, कारण चित्रातली रवाळी लाल मातीत शोभून जाते, हललेला चेहरा मात्र सुधारता येत नाही. याउलट महाद्वार रोडवरील गर्दीत भरपूर उजेड असताना २८ मिलिमीटरची लेन्स एफ/८ वर ठेवून ३.३ मीटरवर फोकस केला, तर फुल फ्रेम (रोलच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर सुमारे पावणेदोन मीटरपासून अनंतापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते आणि फोकसला पुन्हा हात लावावा लागत नाही. ही गणिते लेन्सवरच्या आकड्यांवर उभी असल्यामुळे आधी सांगितलेली अडॅप्टरची परीक्षा टाळू नये. मोजपट्टीने एक, दोन आणि तीन मीटर मोजून आकडे पडताळावेत.

उजेडाचा अंदाज स्वतःचा असावा. स्वच्छ उन्हात एफ/१६ ला शटर स्पीड आयएसओच्या आकड्याइतका, हा जुना नियम आजही लागू पडतो. आयएसओ २०० ला एफ/१६ वर १/२००, म्हणजेच एफ/८ वर १/८००. कॅमेऱ्याने याहून फार वेगळे काही दाखवले, तर पाती मिटलीत का ते पाहावे.

जुन्या लेन्सवरील लेप आजच्या लेपांच्या मानाने साधे असतात, म्हणून समोरून येणारा उजेड आत विखुरतो आणि चित्रावर पांढरट पडदा येतो. रंकाळ्याच्या चौपाटीवरून मावळतीकडे पाहताना हे नेमके कळते. सूर्य चौकटीच्या किंचित बाहेर असताना पडदा सर्वांत दाट पडू शकतो. तेथे हूड लावावा, नाहीतर उजव्या हाताने कॅमेरा धरून डाव्या तळव्याची सावली काचेवर पाडावी. पडदा हवाच असेल, तर सूर्य चौकटीत घेऊन संध्यामठाच्या दगडी आकृतीमागे अर्धा झाकावा. मला स्वतःला ही दुसरी पद्धत अधिक आवडते, कारण लेन्सचा दोष समजली जाणारी गोष्ट त्या घटकेला पाण्यावरच्या उजेडासारखीच वाटते.

हेलिओसची पार्श्वभूमी गोल फिरल्यासारखी दिसते, त्याची अनेकांना ओढ असते, आणि ती न मिळाल्याची तक्रारही तितकीच ऐकू येते. ॲपर्चर एफ/२, माणूस दीड ते दोन मीटरवर आणि चौकटीच्या मध्याजवळ, आणि त्याच्या मागे पाच ते दहा मीटरवर पानांतून झिरपणारे उजेडाचे ठिपके, अशी मांडणी लागते. टाऊन हॉलच्या बागेतील जुन्या झाडांखाली दुपारनंतर ती आपोआप मिळते. हा परिणाम चौकटीच्या कडांना असतो, तेव्हा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर कडा कापल्या जाऊन तो बराच कमी दिसतो.

गुऱ्हाळावर काहिलीजवळ जाण्यापूर्वी कॅमेरा पिशवीतच काही वेळ उबेला ठेवावा. थंडीच्या पहाटे तो एकदम वाफेत काढला, तर काचेवर दव धरते. चैत्र यात्रेत जोतिबाला लेन्स बदलू नये. जुन्या लेन्सना धूळरोधक कड नसते आणि गुलाल एकदा फोकसच्या आट्यांत शिरला की लेन्स उघडून साफ करण्यावाचून तो निघत नाही. पुढे साधा यूव्ही फिल्टर आणि रिंगभोवती पातळ प्लास्टिक एवढे करावे.

पावसाळ्याबद्दल मात्र कसूर करू नये. एका वर्षी मी एक लेन्स तिच्या मूळ चामडी पेटीत घालून लाकडी कपाटात ठेवली आणि जूनपासून थेट नवरात्रापर्यंत उघडली नाही. मधल्या काचेवर बुरशीचे पांढरे झाड उमटले होते. चामडे ओल धरून ठेवते, म्हणून पेटी वेगळी ठेवावी. लेन्स हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणाऱ्या लहान मापकासह ठेवावी आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. निळी सिलिका जेल गुलाबी झाली की स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या भांड्यात मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. डब्यात तांदूळ घालू नयेत, त्यांची पूड लेन्समध्ये जाते. आठवड्यातून एकदा डबा उघडून दोन्ही रिंगा टोकापासून टोकापर्यंत फिरवाव्यात आणि बॅटरी मारून काच पाहावी. बुरशीचा पहिला तंतू दिसताच लेन्स साफ करून घेतली, तर लेपावर खूण राहत नाही.