कादंबरी मध्येच अडली? चूक मागच्या पानांत शोधा

पहिली पन्नास पानं झरझर लिहून होतात आणि शंभराव्या पानाच्या आसपास कादंबरी अडून बसते. बहुतेक जण त्या अडलेल्या पानावरच डोकं आपटत राहतात. तिथे सहसा काही सापडत नाही. बिघाड मागे झालेला असतो, कधी कधी अगदी सुरुवातीला.

उदाहरण घ्या. वसुधा आत्याचं घर विकायला येते. शेजाऱ्यांना भेटते, वकिलाला भेटते, जुन्या पेट्या उघडते. प्रत्येक प्रसंग वाचायला बरा, पण पुढचं सुचत नाही, कारण घर विकायला तिला कुणाचीच आडकाठी नाही. आता सुरुवातीलाच घराच्या कागदांवर धाकट्या भावाचंही नाव घाला. त्याला घर विकायचं नाही आणि हिला पैसे महिनाअखेर हवेत. शेजारी तेच, पेट्याही त्याच. पण शेजारी कुणाची बाजू घेतात, पेटीतून कुठला कागद निघतो, याला आता महत्त्व आलं. म्हणून अडलात की विचारा: माझ्या पात्राला काय हवंय, आणि ते मिळालं नाही तर त्याचं काय बिघडेल? उत्तर गुळमुळीत आलं, तर दुरुस्ती तिथेच करायची आहे.

पहिलं प्रकरण पुन्हा पुन्हा घासत बसणं ही तितकीच घातक सवय. शेवट लिहून होईपर्यंत सुरुवात कशी हवी ते नीट कळतच नाही. मागे काही बदलावंसं वाटलं तर वहीत टिपून ठेवा आणि बदल केलाच आहे असं धरून पुढे लिहा. रोज 500 शब्द लिहिले तर 120 दिवसांत 60 हजार शब्दांचा कच्चा खर्डा हातात येतो. तो ओबडधोबड असणारच.

संवादांत माहिती कोंबू नका. "तुला माहीतच आहे, बाबांना जाऊन दहा वर्षं झाली," असं बहीण सख्ख्या भावाला कशाला सांगेल? "बाबांची खुर्ची माळ्यावर कुणी टाकली?" एवढ्यावरून वडील नाहीत हे कळतं आणि दोघांत काहीतरी धुमसतंय हेही.

प्रसंग वसुधाच्या नजरेतून चालला असेल, तर मध्येच भावाच्या मनात शिरू नका. पात्रांची वयं, वार, ऋतू यांचा साधा तक्ता ठेवा. या चुका वाचक हमखास पकडतात.

खर्डा संपला की लगेच शुद्धलेखन तपासायला बसू नका. काही आठवडे बाजूला ठेवा. मग आधी रचना, नंतर प्रसंग, आणि सगळ्यात शेवटी वाक्यं. हा क्रम उलटा झाला की घासूनपुसून देखणं केलेलं प्रकरण अनावश्यक आहे हे दिसत असूनही ते काढायला हात धजावत नाही.

वाचायला दिलंत तर "कसं वाटलं?" असं विचारू नका, "छान" एवढंच उत्तर मिळेल. कुठे कंटाळा आला, कुठे गोंधळ उडाला, कुठे वाचन थांबवलं, ते विचारा. वाचकाने सुचवलेला उपाय पटला नाही तर सोडून द्या, पण दोन-तीन जणांनी एकाच पानावर बोट ठेवलं, तर त्या पानाच्या मागे जाऊन पाहा.