ट्रॉली घेताना, भरताना, ओढताना: आधी थांबण्याचा हिशेब

काढणी सुरू झाली की ट्रॅक्टर शेतात कमी आणि रस्त्यावर जास्त दिसू लागतो. जमिनीत अजून ओल असते, वाटा पावसाने उखडलेल्या असतात, दिवस लवकर मावळतो आणि प्रत्येकाला माल पोचवायची घाई असते. वर्षभर एका कोपऱ्यात उभी असलेली ट्रॉली याच घाईत बाहेर निघते. नवी किंवा जुनी ट्रॉली विकत घ्यायचा निर्णयही बहुतेक वेळा याच दिवसांत होतो. त्यामुळे काही गोष्टी माल भरायच्या आधीच बघून घ्या.

ट्रॉली घेताना पहिला प्रश्न हमखास असतो, "आपला ट्रॅक्टर किती ओढेल?" सपाट रस्त्यावर खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझं ओढतो, म्हणून उत्तर कायम मनासारखंच मिळतं. विचारायला हवं ते असं: भरलेली ट्रॉली उतारावर मागून रेटत असताना आपला ट्रॅक्टर तिला थांबवेल का? बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. ट्रॉलीला ब्रेक नसतील, तर ट्रॅक्टर, ट्रॉली आणि माल यांचं सगळं वजन थांबवायचं काम त्या दोन टायरांच्या पकडीवर येतं. त्यात रस्त्यावर चिखल सांडलेला असला की ती पकडही निम्मी होते.

अनेक ट्रॅक्टरांच्या मार्गदर्शक पुस्तिकांत एक साधा नियम दिलेला असतो. ब्रेक नसलेली ट्रॉली मालासकट ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीपेक्षा जड नको, आणि वेग ताशी ३२ किलोमीटरच्या वर नको. तुमच्या पुस्तिकेत याहून कडक आकडा असेल तर तोच पाळा. दोन टनांचा ट्रॅक्टर धरला, तर मागे एकूण तीन टन झाले. त्यातून रिकाम्या ट्रॉलीचंच एक-दीड टन वजा करा, मग मालाला काय उरतं ते समोर येतं. रोज रस्त्यावर दिसणारं ओझं याच्या कितीतरी पुढचं असतं, म्हणून हा आकडा अनेकांना पटत नाही. माझं मत स्पष्ट आहे: जास्त माल न्यायचा असेल तर ब्रेक असलेलीच ट्रॉली घ्या. दोन पैसे वाचवायचे तर रंगात, फाळक्यावरच्या नक्षीत वाचवा, ब्रेकमध्ये नको.

वेगाचंही गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. ताशी १५ च्या वेगाला ५ मीटरमध्ये थांबणारी जोडी ३० च्या वेगाला २० मीटर घेते. ब्रेकवर पाय जाईपर्यंत कापलेलं अंतर यात धरलेलंच नाही.

आता ट्रॉलीचा आकार. हौदा दिसतो तेवढा भरायचा, ही सवय फार महागात पडते, कारण तोच हौदा वेगवेगळ्या मालाने भरला की वजन पार बदलतं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दोन फूट उंच हौद्यात साधारण ३.४ घनमीटर माल मावतो. काठोकाठ गहू भरला तर अडीच टनांच्या आसपास होतो. तोच हौदा ओल्या वाळूने भरला तर साडेसहा टनांच्या घरात जातो. म्हणजे धान्याला बेताची असलेली ट्रॉली वाळूला किंवा ओल्या मातीला जीवघेणी ठरू शकते. असा जड माल भरताना हौद्याच्या आत रंगाची एक रेघ मारून ठेवा आणि तिच्या वर घमेलंभरही टाकू नका. भुसा आणि कडब्याचं उलट आहे. वजन कमी, पण उंची भलतीच. उंच रचलेला हलका मालही वळणावर ट्रॉली आडवी करतो. पाण्याच्या टँकरचा हिशेब सोपा आहे, एक हजार लिटर म्हणजे एक टन. मात्र अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा वळणावर जास्त दगा देतो, कारण आतलं पाणी एका बाजूला धावतं. टँकरच्या आत पाणी अडवणारे पत्रे बसवलेले आहेत का, हे घेतानाच विचारा.

दोन चाकी घ्यावी की चार चाकी? दोन चाकी ट्रॉलीचं थोडं वजन ट्रॅक्टरच्या हुकावर येतं. त्यामुळे मागच्या चाकांना पकड मिळते, ओल्या शेतातून निघायला बरं पडतं आणि रिव्हर्सही सोपा जातो. पण तेच वजन जास्त झालं की ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं. चार चाकी आपलं ओझं आपणच पेलते, लांबच्या वाहतुकीला चांगली. मात्र रिव्हर्सला हात बसलेला लागतो, आणि ओल्या जमिनीत ट्रॅक्टरची चाकं जागेवर फिरतात. छोटं शेत, अरुंद बांध, वारंवार मागेपुढे करायचं काम असेल तर मी दोन चाकीच घ्यायला सांगेन.

जुनी ट्रॉली घेत असाल तर ताज्या रंगाला भुलू नका. ट्रॉली ज्या दांडीने ट्रॅक्टरला जोडतात, ती दांडी जिथे चासीला जोडलेली असते तो सांधा आधी बघा. वेल्डिंगवर केसासारखी बारीक रेघ दिसली, किंवा त्याच जागी एकावर एक वेल्डिंगचे थर असतील, तर ती दांडी पूर्वी एकदा तुटलेली आहे असं समजा. मग जॅक लावून एकेक चाक उचला आणि वर-खाली धरून हलवा. चाक खडखडलं तर बेअरिंग गेलंय. टायर एकाच कडेला झिजला असेल तर एक्सल वाकलेला असण्याची शक्यता मोठी. टायरच्या बाजूवर छापलेले चार आकडेही वाचा. त्यातले पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष: २२१७ म्हणजे २०१७ सालचा बाविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुना, उन्हात तडकलेला टायर भरल्या ट्रॉलीखाली घालू नका.

जोडणीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं आणि सगळ्यात वाईट अपघात तिथेच होतात. ट्रॉली ट्रॅक्टरच्या ड्रॉबारला (मागे खालच्या बाजूला असलेल्या ओढायच्या पट्टीला) किंवा कंपनीने दिलेल्या हुकालाच जोडायची. टॉप लिंकच्या (अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या) जागी किंवा एक्सलला साखळी बांधून ओढायचं नाही, चिखलात रुतली असली तरी नाही. ओढ मागच्या एक्सलच्या मध्यापेक्षा वर गेली की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात आणि तो चालकासकट मागे उलटतो. हे इतक्या झटक्यात होतं की क्लच दाबायला वेळ मिळत नाही.

पिन मूळचीच वापरा. पिन हरवली म्हणून बांधकामाच्या सळईचा तुकडा घालून हंगाम काढणारे पुष्कळ आहेत. सळई आधी वाकते, मग झिजते आणि एखाद्या खड्ड्यात तुटते. पिन काढून तिच्या मधल्या भागावर बोट फिरवा. खाच हाताला लागली तर पिन बदला. दांडीची कडी एका बाजूला पातळ झाली असेल तर तीही बदला. पिन वरून खाली घालायची आणि तळाशी क्लिप लावायचीच. खड्ड्यांतून उसळणारी पिन क्लिपशिवाय टिकत नाही. जोडीला दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन लावा. चुकून पिन सुटलीच तर दांडी त्यांच्यावर टेकते, जमिनीत घुसत नाही. साखळ्या वळण घेता येईल इतक्याच सैल ठेवा.

ट्रॉली जोडताना ट्रॅक्टर मागे येत असेल तर मध्ये कोणीही उभं राहू नये. घरातल्या पोराला "जरा दांडी धर रे" म्हणून मध्ये उभं करणं आजही सर्रास चालतं. ते बंद करा. दांडीला टेकू लावून तिची उंची आधीच जुळवून ठेवा, ट्रॅक्टर जागेवर आणा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा आणि मग पिन घालायला खाली उतरा.

दोन चाकी ट्रॉलीत माल एक्सलच्या किंचित पुढे जास्त असू द्या. सगळं मागे टाकलं तर दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात. सगळं पुढे लोटलं तर स्टिअरिंग हलकं लागतं आणि ट्रॅक्टर उशिरा वळतो. असं जाणवलं की तिथेच थांबून माल सारखा करा. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहायला हवा. वजनकाटा वाटेत असेल तर भरलेली ट्रॉली जोडलेली असतानाच फक्त पुढची चाकं काट्यावर चढवून बघा. त्यांच्यावरचं वजन कमी भरलं तर ट्रॅक्टरच्या पुढे वजनं लावा, नाहीतर माल कमी करा.

शेतातून रस्त्यावर येताना दोन्ही ब्रेक पेडल एकत्र लॉक करा. शेतात एका बाजूचा ब्रेक दाबून वळायची सवय असते. रस्त्यावर तसाच एक पेडल दाबला गेला तर ट्रॅक्टर एकीकडे ओढला जातो आणि मागची ट्रॉली त्याला फिरवून टाकते. उतार लागायच्या आधीच गिअर खाली घ्या. जो गिअर तो चढ चढायला लागला असता तोच उतरायला ठेवा. न्यूट्रल करून किंवा क्लच दाबून उतरणं म्हणजे इंजिनचा आधार स्वतःहून सोडणं. अर्ध्या उतारावर वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही, आणि तेव्हा हातात फक्त स्टिअरिंग उरतं. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या लावणं मला अजिबात मान्य नाही. मागची ट्रॉली सापासारखी वळवळते, तिचा झोल चालकाला कळतो तेव्हा ती शेजारच्या वाहनाच्या अंगावर गेलेली असते.

पहिल्या १०-१५ किलोमीटरनंतर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळा आणि हाताची मागची बाजू चाकाच्या हबजवळ नेऊन बघा. एक हब दुसऱ्यापेक्षा चांगलाच गरम लागला तर ग्रीस संपलंय किंवा बेअरिंग जातंय. टायरची हवा सकाळी, चाकं थंड असतानाच मोजा.

अंधार पडल्यावर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तुमची ट्रॉली दिसते का, हे तुम्हाला बसल्या जागेवरून कळत नाही. मागे लाल रिफ्लेक्टर आणि चालू दिवे हवेतच. दिवे असूनही चिखलाने माखलेले किंवा लोंबणाऱ्या कडब्याखाली झाकलेले असतात. शेतातून निघताना एक फडकं मारा. मालावर, दांडीवर, मडगार्डवर माणसं बसवू नका. दिवसभर राबलेल्या मजुरांना तसं घरी सोडू नका, त्यांच्यासाठी दुसरं वाहन बघा.

जॅकने हौदा उचलून माल ओतायचा असेल तर जमीन सपाट हवी आणि डोक्यावर विजेच्या तारा नकोत. ओलं शेणखत किंवा माती हौद्याच्या वरच्या टोकाला चिकटून राहते आणि तेवढ्या वजनानेही उचललेली ट्रॉली कलंडते. अशा वेळी हौदा खाली घ्या, माल फावड्याने सुटा करा, मग पुन्हा उचला. उचललेल्या हौद्याखाली दुरुस्तीला जायचं तर भक्कम टेकू लावल्याशिवाय जाऊ नका. हायड्रॉलिकचा पाइप फुटायला आधी सूचना देत नाही.

वाटेत ट्रॉली बंद पडली तर शक्य तितकी रस्त्याच्या कडेला घ्या, चाकांना मागून-पुढून दगड लावा, आणि मागे बऱ्याच अंतरावर माणूस उभा करा किंवा चमकणारा त्रिकोण ठेवा. दुरुस्ती झाल्यावर निघायच्या घाईत ते दगड तिथेच पडून राहतात आणि रात्री एखादी मोटारसायकल त्यांच्यावर आदळते. चाकं हलली की आधी खाली उतरून दगड रस्त्याबाहेर टाका, किंवा दोरी बांधलेले लाकडी ठोकळेच ट्रॉलीत ठेवा, म्हणजे ते ओढून सोबत नेता येतील.