सिंहाला विषापासून वाचवायचं, तर सुरुवात गोठ्यापासून

सिंह मारलेली गाय एका दमात संपवतोच असं नाही. पोट भरलं की सावलीला जातो आणि अंधार पडल्यावर उरलेल्या मांसावर परत येतो. केनियात मसाई या गुरं पाळणाऱ्या जमातीच्या मुलखात गाय गेल्याच्या रागानं मढ्यावर विष टाकलं जातं, ते या मधल्या वेळात. असंच एक विष म्हणजे कार्बोफ्युरान, पिकावरच्या किडींसाठीचं दाणेदार औषध. ते पोटात गेलं की स्नायूंवरचा ताबा सुटतो आणि श्वास बंद पडतो. सिंहामागून त्याच मढ्यावर येणारे तरस, कोल्हे आणि गिधाडंही मरतात. 2021च्या गणनेत अख्ख्या केनियात 2,589 सिंह होते. एवढ्या थोड्या प्राण्यांत एक कळप जाणं फार मोठं नुकसान आहे.

फ्युराडान या नावानं हे औषध विकणाऱ्या अमेरिकी कंपनीनं 2009मध्ये केनियातला माल परत विकत घेतला. तरीही डिसेंबर 2015मध्ये केनियातल्या मसाई मारा अभयारण्यातल्या प्रसिद्ध मार्श या सिंहांच्या कळपावर कीटकनाशकाचा विषप्रयोग झाला आणि बिबी ही म्हातारी सिंहीण त्यात मेली. अशा औषधांवर बंदी हवीच, पण तेवढ्यावर भागत नाही. गुरांच्या मालकाला राग येण्याची वेळच कमी करावी लागते. केनिया-टांझानियात जे उपयोगी पडलं, ते क्रमानं असं:

1. बोमा पक्का करा. बोमा म्हणजे गुरांचा काटेरी वाडा. सिंहाला दर वेळी आत उडी मारावी लागत नाही. त्याच्या वासानं गुरं बिथरतात, कुंपण मोडून स्वतःच बाहेर पळतात आणि अंधारात सापडतात. म्हणून कुंपण आतून बसणारा धक्काही सोसेल असं हवं. फाटकाकडे सगळ्यात आधी बघा. टांझानियात तारेच्या जाळीला खांब म्हणून गुग्गुळाच्या कुळातली जिवंत झाडं लावतात. ती वाढतील तसं कुंपण घट्ट होतं. नैरोबी राष्ट्रीय उद्यानाशेजारच्या रिचर्ड तुरेरे या मुलानं अकराव्या वर्षी लुकलुकणारे दिवे वाड्याभोवती लावले. कुणी विजेरी घेऊन फिरतंय असं सिंहाला वाटतं.

2. संध्याकाळी गुरं मोजा. रानात मागे राहिलेलं जनावर सिंहाला आयतं सापडतं. केनियातल्या अंबोसेली भागात 2007पासून ‘लायन गार्डियन्स’ संस्थेचे मसाई तरुण सिंहांचा माग काढतात, आज कुठे चारू नका ते गुराख्यांना सांगतात आणि चुकलेली गुरं शोधून देतात. हे तरुण सिंहांना मसाई नावंही देतात. मला हे फार मोलाचं वाटतं. ओळखीच्या जनावरावर विष टाकायला हात सहज धजत नाही.

3. गाय गेलीच, तर पहिले काही तास सांभाळा. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. मालकाला एकटं सोडू नका. नुकसानीची पाहणी त्याच दिवशी व्हावी आणि तोवर गावातली दोन-तीन माणसं मढ्यावर लक्ष ठेवून असावीत. अंधार पडायच्या आत तिथून निघा. अंबोसेलीजवळच्या म्बिरिकानीत 2003पासून भरपाईचा निधी आहे. वाडा नीट नसेल तर पैसे कमी मिळतात, आणि कुणी सिंह मारला तर शेजाऱ्यांचीही भरपाई अडते. हा नियम कडक आहे, पण त्यामुळे रागावलेल्या माणसाला त्याचेच भाऊबंद अडवतात.

आपल्याकडेही गोष्ट वेगळी नाही. जानेवारी 2020मध्ये गोव्याच्या म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेनं मेले. महाराष्ट्रात वाघ-बिबट्यानं जनावर मारलं तर लगेच वनरक्षकाला किंवा 1926 या क्रमांकावर कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मढं हलवू नका. पंचनाम्याला उशीर झाला की धोका वाढतो, हे वनखात्यानंही मनावर घ्यायला हवं.

4. विषाचा संशय आला तर हात लावू नका. मढ्याभोवती मेलेल्या माश्या, जवळपास पडलेली गिधाडं, रंगीत दाणे ही लक्षणं. मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा, जागेची खूण करा, लांबूनच फोटो घ्या आणि केनिया वन्यजीव सेवेला कळवा. त्यांची माणसं येईपर्यंत गिधाडांना हुसकावत राहा. नमुने घेतल्यावर मढं जाळतात, म्हणजे पुढची साखळी तुटते. सिंह लडखडत असेल तर जवळ जाऊ नका. वेळेत पोचलेला पशुवैद्य अ‍ॅट्रोपीन हे विषावरचं औषध देऊन त्याला वाचवू शकतो. मार्श कळपातले काही आजारी सिंह उपचारांनी वाचले.

5. दुकानदाराशी बोला. गोचीड मारायचं औषध जनावरांसाठीचंच घ्या. ज्याच्याकडे शेत नाही तो जहाल दाणेदार औषध मागत असेल, तर दुकानदारानं कशासाठी ते विचारावं.

6. सफारीला जाणार असाल तर मसाई माराच्या आसपासच्या ‘कॉन्झर्व्हन्सी’त, म्हणजे वन्यजीवांसाठी राखलेल्या मसाईंच्या जमिनीवर, मुक्काम करा. तिथे मसाई जमीनमालकांना जमिनीचं भाडं मिळतं. टूरवाल्याला बुकिंगआधीच विचारा: आमच्या पैशातलं किती त्यांच्याकडे जातं?