मराठवाड्याच्या थंडीत मोटारसायकल चालवताना कपडे कसे घालावेत

डिसेंबर आणि जानेवारीत परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगर या भागांत पहाटेचा पारा अनेकदा १० अंशांच्या खाली उतरतो, आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील नोंदींत तो काही वर्षी ५ अंशांच्याही खाली गेलेला आढळतो. त्याच दिवशी दुपारी मात्र २८ ते ३० अंशांचे ऊन असते. त्यामुळे हिमालयाच्या वाटेवर निघालेल्या माणसासाठी लिहिलेला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. पहाटे पाचला दुधाचे कॅन बांधून निघणारा, सकाळी सातच्या शिकवणीसाठी लातूर गाठणारा किंवा मोंढ्यात माल पोचवून दुपारी परतणारा माणूस एकाच दिवसात दोन ऋतूंतून जातो. त्याला हवे असतात ते सहज काढता येतील, घडी करून डिकीत किंवा पिशवीत ठेवता येतील आणि संध्याकाळी पुन्हा कोरडेच अंगावर चढवता येतील असे कपडे.

मोटारसायकलवर माणूस गारठतो तो मुख्यतः वाऱ्याने. हवा १० अंशांची असेल आणि गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर उघड्या त्वचेला ती साधारण ५ अंशांची भासते. हवाच ५ अंशांवर आली असेल, तर त्याच वेगात शून्याखाली २ अंशांसारखा गारवा लागतो. अंगाभोवती साचलेली उबदार हवा वारा सतत उडवून नेतो आणि शरीराला ती पुन्हा पुन्हा तापवावी लागते. विणलेल्या स्वेटरची ऊब त्याच्या विणीत अडकलेल्या स्थिर हवेमुळे असते, पण त्या विणीतून वारा आरपार जाऊ लागला की जाड स्वेटरही निकामी ठरतो. एकावर एक दोन स्वेटर घालूनही कुडकुडणारी माणसे आपण रस्त्यावर रोज पाहतो. त्यांनी दुसऱ्या स्वेटरचे पैसे वारा अडवणाऱ्या एखाद्या पातळ जर्किनवर खर्च केले असते तर ती अधिक सुखात असती.

म्हणून कपड्यांचे तीन थर धरावेत. अंगालगतच्या थराचे काम घाम शोषून दूर नेण्याचे आणि त्वचा कोरडी ठेवण्याचे आहे. सुती बनियन घाम शोषते, पण तो धरून ठेवते. दहा-पंधरा किलोमीटरच्या फेरीला त्याने काही बिघडत नाही. मात्र पोती उचलून घामाघूम झाल्यावर तीच ओली बनियन अंगावर ठेवून अंबाजोगाईहून लातूरला निघाले, तर पहिल्या काही किलोमीटरमध्येच पाठीवर गार पाण्याचा हात फिरल्यासारखे वाटते. लांबच्या फेरीसाठी बाजारात थर्मल म्हणून मिळणारे अंगाबरोबर बसणारे कृत्रिम धाग्याचे कपडे घ्यावेत, आणि सुतीच वापरायचे असेल तर बदलीची एक कोरडी बनियन सोबत ठेवावी. मधला थर उबेसाठी असतो. लोकरीचा स्वेटर, बिनबाह्यांची बंडी किंवा फ्लीसचे जॅकेट यांपैकी जे घरात असेल ते चालते, परंतु लोकरीची एक जमेची बाजू अशी, की ती थोडी ओलसर झाली तरी ऊब पूर्णपणे सोडत नाही.

बाहेरच्या थरात वारा शिरू न देणारे कापड असावे. विंडचीटर किंवा रेग्झिनचे जर्किन उत्तम. नसेल तर पावसाळ्यातला शर्ट-पँट असा दोन तुकड्यांचा रेनकोट हिवाळ्यात माळ्यावर टाकून देऊ नये, तोच स्वेटरवर चढवावा. रबरी अस्तराच्या रेनकोटात घाम कोंडतो, म्हणून गाडी थांबवल्याबरोबर त्याची चेन उघडण्याची सवय लावून घ्यावी. ऐनवेळी काहीच हाताशी नसेल, तर छातीवर स्वेटर आणि शर्ट यांच्यामध्ये वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या सरकवाव्यात. हा उपाय जुना आहे, त्याला पैसे पडत नाहीत आणि तो खरोखर उपयोगी पडतो, कारण कागद वारा अडवतो आणि थोडा घामही टिपतो.

जर्किन विकत घेताना दुकानात उभे राहून अंगावर घालून पाहणे पुरेसे नसते. स्टुलावर बसून, दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे करून पाहावे. अशा बैठकीत पाठीमागची किनार कमरेच्या वर सरकते, बाह्या मनगटापासून मागे ओढल्या जातात आणि गळ्याशी फट पडते. वारा नेमका या तीन जागांतून आत शिरतो. पाठ झाकेल इतकी लांबी, मनगटाशी इलॅस्टिक किंवा पट्टी आणि हनुवटीपर्यंत येणारी कॉलर, एवढे पाहून घेतले की कापड किती जाड आहे हा प्रश्न फारसा उरत नाही. रंग शक्यतो फिका घ्यावा. गळीत हंगामात बीड, जालना, लातूर, धाराशिव या जिल्ह्यांतील रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत रात्रभर चालतात, आणि धुक्यात काळ्या जर्किनातला दुचाकीस्वार मागच्या-पुढच्या कोणालाच दिसत नाही. पाठीवर आणि बाह्यांवर प्रकाश परतवणारी पट्टी शिवून घेणे हे अगदी थोड्या खर्चाचे काम आहे.

गळ्याला मफलर किंवा उपरणे दोन वेढे देऊन गुंडाळावे आणि त्याची टोके जर्किनाच्या आत खोचून चेन वर ओढावी. मोकळे सोडलेले टोक चाकात किंवा गाडीच्या साखळीत अडकले तर गळ्याला फास बसू शकतो, आणि हीच गोष्ट ओढणी, साडीचा पदर व खांद्यावरून पांघरलेली शाल यांनाही लागू आहे. शाल किंवा घोंगडे पांघरून गाडी चालवण्याची पद्धत खेड्यांत सर्रास दिसते. ती सोडावी, कारण वाऱ्याने ते वस्त्र फुगते, हात अडकतात आणि ऊबही मिळत नाही. घोंगडे न्यायचेच असेल तर घडी करून न्यावे आणि मुक्कामी पोचल्यावर पांघरावे.

हेल्मेटच्या आत जाड माकडटोपी घालू नये. त्यामुळे हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही, पट्टा ताणून लावावा लागतो आणि कान इतके झाकले जातात की मागून येणाऱ्या वाहनाचा भोंगा ऐकू येत नाही. पातळ, एकसंध विणीची कानटोपी पुरते. काच असलेले, पूर्ण चेहरा झाकणारे आणि आयएसआय खूण असलेले हेल्मेट हेच चेहऱ्याचे हिवाळी वस्त्र समजावे. काचेवर आतून वाफ धरते ती श्वासामुळे. मफलर नाकावरून न घेता नाकाच्या खाली घ्यावा, म्हणजे श्वास खाली जातो. काच केसभर उघडी ठेवावी. आणि निघण्यापूर्वी आतल्या बाजूला भांड्याच्या द्रवरूप साबणाचा एक थेंब पसरवून मऊ फडक्याने कोरडा पुसून काढावा, की बराच वेळ वाफ धरत नाही. चष्मा लावणाऱ्यांनी हा उपाय चष्म्यालाही करावा. काळी काच सूर्य वर येईपर्यंत वापरू नये.

सर्वांत जास्त काळजी हातांची घ्यावी, कारण थंडीचा खरा धोका तेथे आहे. हँडलवरचे हात थेट वाऱ्यात असतात, आणि शरीर गारठू लागले की मेंदू, हृदय यांसारखे अवयव उबदार राखण्यासाठी बोटांकडे जाणारे रक्त कमी होते. बोटे बधिर झालेला माणूस ब्रेक दाबतो, पण किती दाबला हे त्याला कळत नाही; क्लच सोडायला उशीर होतो; समोर म्हैस आडवी आली तर हा एवढा उशीरही महागात पडतो. विणलेले लोकरी हातमोजे एकटे घातले तर उपयोगाचे नाहीत, त्यातून वारा जातो. त्यांच्यावर चामड्याचे किंवा रेग्झिनचे सैल हातमोजे चढवावेत, पण दोन्ही मिळून इतके घट्ट नसावेत की मूठ वळताना बोटे आवळली जातील, कारण आवळलेल्या बोटांत रक्त फिरत नाही. हँडललाच बांधायची रेग्झिनची आवरणे मिळतात, ती दिसायला बेढब असली तरी दूधवाल्यांनी आणि वर्तमानपत्र टाकणाऱ्या मुलांनी ती जरूर लावावीत. फक्त हात चटकन आत-बाहेर होतो ना आणि ब्रेकची मूठ कापडात अडकत नाही ना, हे गाडी उभी असताना तपासावे. बोटे बधिर झाली तर गाडी थांबवून हात काखेत धरावेत. सायलेन्सरजवळ हात नेऊन शेकण्याचा मोह टाळावा, कारण बधिर त्वचेला चटका बसलेला कळत नाही.

पायांत गुडघे आधी गारठतात, ते वाऱ्यात पुढे असतात म्हणून. जीन्सचे कापड जाड असले तरी वारा अडवत नाही आणि ओले झाले की तासन्‌तास वाळत नाही. तिच्यावर रेनकोटाची पँट चढवावी, किंवा आतून थर्मल पायजमा घालावा. चप्पल घालून थंडीत गाडी चालवणाऱ्यांना आणखी काय सांगावे! बंद बूट आणि एकच बरा लोकरी पायमोजा पुरे. दोन पायमोजे कोंबून बूट घट्ट झाला की पाय उलट लवकर गार पडतो.

आपल्याकडच्या एका प्रसंगाची वेगळी दखल घ्यायला हवी. रब्बीत शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रपाळीला असते, म्हणून हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी द्यायला गेलेला शेतकरी मध्यरात्रीनंतर गुडघ्यापर्यंत भिजलेल्या पायांनी मोटारसायकलवर घरी निघतो. ओल्या कापडातून शरीराची उष्णता कोरड्या कापडाच्या मानाने कितीतरी वेगाने निघून जाते, आणि त्यात वारा मिळाला की अंतर तीन-चार किलोमीटरचे असले तरी अंग थरथरू लागते. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीत, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली एक कोरडी पँट, पायमोजे आणि टॉवेल कायम ठेवावा, आणि गाडीला किक मारण्यापूर्वी कपडे बदलावेत. बूट ओलेच असतील तर कोरड्या पायमोज्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून मग पाय बुटात घालावा.

हिवाळ्यात पाऊस नसतो हे गृहीत धरू नये. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधली गारपीट मराठवाडा विसरलेला नाही, आणि अवकाळी पावसाच्या सरी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत केव्हाही येतात. रेनकोट डिकीत राहू द्यावा. पहिला थेंब पडताच थांबून तो चढवावा, कारण भिजल्यावर घातलेला रेनकोट ओल आतच कोंडतो. कोरड्या थंडीत हातमोज्याची मनगटपट्टी बाहीच्या वर घ्यावी, म्हणजे वारा आत जात नाही. पावसात मात्र ती बाहीच्या आत घ्यावी, नाहीतर बाहीवरून ओघळणारे पाणी थेट हातमोज्यात उतरते. गारा पडू लागल्या तर कपड्यांवर विसंबू नये, पक्क्या छपराखाली थांबावे. झाडाखाली किंवा पत्र्याच्या मोडक्या शेडखाली थांबू नये. पाऊस नसला तरी धुके अंग भिजवते. गोदाकाठी, जायकवाडीच्या कालव्यांच्या पट्ट्यात आणि मांजरा धरणाच्या परिसरात धुके दाट उतरले की स्वेटरच्या लोकरीवर दवाचे थेंब धरतात, म्हणून तेथेही बाहेरचा थर पाणी न शोषणाराच हवा.

मागे बसणाऱ्याला वारा कमी लागतो असे चालवणाऱ्याला वाटते, पण त्याच्या अंगाची हालचाल होत नसल्याने तो अधिक लवकर गारठतो. वेळ अमावास्येला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या शेतपूजेच्या सणाला, लातूर आणि धाराशिवकडची कुटुंबे सकाळच्या उन्हात पातळ कपड्यांनी शेताकडे जातात आणि आंबील-भज्जीचे जेवण करून अंधार पडल्यावर परततात. त्या दिवशी प्रत्येकाचा स्वेटर सकाळीच पिशवीत भरावा. लहान मुलाला टाकीवर, वाऱ्याच्या तोंडाशी बसवू नये. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला हेल्मेट आणि चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा असावा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत असावा, असा केंद्राचा नियमच आहे, आणि थंडीच्या दृष्टीनेही तोच वेग सोसतो.

दिवसातील सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या सुमारास असते, त्यामुळे काम अडणार नसेल तर तासभर उशिरा निघणे हा कोणत्याही जर्किनाइतकाच चांगला उपाय आहे. नाल्यावरचे पूल, उसाचे फड आणि भिजवलेली शेते येथे गार हवा साचते. अशा जागी वेग कमी करावा. अंग सतत थरथरणे, बोलताना जीभ जड होणे, झोप आल्यासारखे वाटणे, ही लक्षणे दिसताच पुढे जाऊ नये, कोरडे कपडे आणि गरम चहा मिळेपर्यंत थांबावे. थंडी घालवण्यासाठी दारू घेणे हा तर शुद्ध घात आहे, कारण तिने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर ऊब वाटते आणि शरीरातली उष्णता मात्र बाहेर जाते; गाडीवरचा ताबा जातो तो वेगळाच.

घरी आल्यावर हातमोजे आणि बूट चुलीजवळ किंवा शेगडीवर वाळवू नयेत, त्याने चामडे कडक होऊन तडकते. बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, हातमोजे उलटे करून वाऱ्यावर टांगावेत, आणि रेनकोट आतून पुसून, पूर्ण कोरडा झाल्याची खात्री करूनच पुन्हा डिकीत ठेवावा.