इंग्रजीत प्रश्न विचारताना या चुका टाळा

'तू येणार आहेस' याच्या शेवटी 'का' जोडला की मराठीत प्रश्न झाला. बाकीचं वाक्य जागचं हलत नाही. नुसता सूर चढवला तरी भागतं. हीच सवय आपण इंग्रजीत नेतो आणि 'व्हाय यू आर लेट?', 'व्हेअर ही इज गोइंग?' असे प्रश्न तयार होतात. 2000 सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी पदवीधर मुलांच्या तोंडी मी हेच ऐकतो.

'अहो सर, समोरच्याला कळतं ना!' असं म्हणणाऱ्यांसाठी एक प्रसंग सांगतो. माझ्याकडचा एक डिप्लोमाचा मुलगा फोनवर मुलाखत देत होता. पलीकडे इंग्लंडमधल्या एक बाई. सगळं छान झालं. शेवटी त्यांनी विचारलं, तुला काही विचारायचंय का? हा म्हणाला, 'व्हेन आय विल गेट द रिझल्ट?' पलीकडे शांतता. आवाज पोचला नसेल असं वाटून याने तेच मोठ्याने म्हटलं. पुन्हा शांतता, मग 'येस, गो ऑन.' मुलगा गडबडला, 'थँक यू' म्हणाला आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मला म्हणे, 'सर, बाईंना माझे उच्चारच कळले नाहीत.' उच्चार कळले होते. पण 'व्हेन आय विल गेट द रिझल्ट' हे इंग्रजी कानाला 'मला निकाल मिळेल तेव्हा...' असं अर्धवट ऐकू येतं. बाई पुढच्या अर्ध्या वाक्याची वाट बघत होत्या. 'विल' हा 'आय'च्या आधी आला असता तर उत्तर तिथल्या तिथे मिळालं असतं.

म्हणून मी आधी साधं वाक्य लिहायला लावतो: 'यू आर वेटिंग'. हेल्पिंग व्हर्बला, म्हणजे 'आर', 'इज', 'विल' अशा साहाय्यक क्रियापदाला, पेन्सिलने गोल करायचा आणि बाण काढून तो कर्त्याच्या आधी न्यायचा: 'आर यू वेटिंग?' त्यानंतरच 'व्हाय' पुढे चिकटवायचा. पहिले पंधरा दिवस ही पायरी मी कुणालाही गाळू देत नाही. नव्या मुलांना याचा कंटाळा येतो. त्यांना फाडफाड इंग्रजी हवं असतं, म्हणून ती तयार शंभर प्रश्न पाठ करतात आणि एकशे एकावा प्रश्न आला की तोंडाला कुलूप. पाठांतराचा हा रस्ता मला अजिबात पटत नाही.

दुसरी चूक 'डिड यू वेन्ट?' आणि 'डझ शी वर्क्स?'. 'शी वर्क्स' मध्ये हेल्पिंग व्हर्ब दिसत नाही, म्हणून 'डू' आणावा लागतो. हे मी फळ्यावर करून दाखवतो. 'वर्क्स'चा शेवटचा 'एस' बोटाने पुसतो आणि तोच 'डू'ला लावतो, झालं 'डझ'. एस एकच होता, तो तिकडे गेला, मग 'वर्क'कडे कुठून उरणार? 'डिड'चंही तसंच. भूतकाळ त्याने उचलला की 'वेन्ट'चा पुन्हा 'गो' होतो. खडूची ती पुसलेली खूण मुलांच्या डोक्यात राहते, नियमाची व्याख्या राहत नाही.

'आर यू अंडरस्टँड?' आणि 'डू यू हॅपी?' यांत गफलत एकच. उत्तर मनात म्हणून बघा. 'आय अंडरस्टँड' मध्ये 'अॅम' नाही, तेव्हा प्रश्नात 'डू'. 'आय अॅम हॅपी' मध्ये 'अॅम' आहे, तेव्हा 'आर'.

'याचा अर्थ काय?' असं विचारताना 'व्हॉट इज धिस मीन्स?' नको, 'व्हॉट डझ धिस मीन?' म्हणा.

'हू डिड ब्रेक द ग्लास?' असं कुणी विचारत नाही. 'हू' स्वतःच कर्ता असेल तर 'हू ब्रोक द ग्लास?' पुरे.

आपला 'ना?' म्हणजे प्रत्येक वेळी 'इझन्ट इट?' नव्हे. 'यू आर कमिंग' नंतर 'आरन्ट यू?' येतं, 'शी लाइक्स टी' नंतर 'डझन्ट शी?'.

आणि अदलाबदल पक्की झाली की मुलं ती नको तिथेही करतात: 'कॅन यू टेल मी व्हेअर इज द स्टेशन?' इथे 'कॅन यू'मध्येच प्रश्न होऊन गेलाय, त्यामुळे पुढचा भाग साध्या वाक्यासारखा ठेवायचा, 'व्हेअर द स्टेशन इज'. ही चूक करणाऱ्याला मी कधी रागावत नाही. बाण काढायला तो शिकलाय एवढं तरी कळतं.